गाडी थांबतेय, हे पायी चालणाऱ्याला कळतं कशावरून?

फुटपाथच्या कडेला एक जण उभा आहे. समोर झेब्रा क्रॉसिंग आहे, सिग्नल नाही. एक स्वयंचलित गाडी ताशी ५० किलोमीटरने येतेय आणि तिच्या स्टिअरिंगमागे कुणी नाही. रस्ता दोन लेनचा, म्हणजे साधारण ७ मीटर रुंद. माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरली तर पलीकडे पोचायला जवळजवळ ६ सेकंद हवेत. गाडी आत्ता ५० मीटरवर आहे. वेग तसाच राहिला तर ती साडेतीन सेकंदांत झेब्र्यावर येईल. म्हणजे ती थांबणार असेल तरच उतरायचं, आणि ती थांबणार की नाही याचा निकाल दोनेक सेकंदांत लावायचा.

या दोन सेकंदांत गाडीने माणसाला काय सांगावं आणि कसं सांगावं, यावर गेल्या दहा वर्षांत बरंच काम झालंय. गाडीच्या बाहेरच्या अंगावर, रस्त्यावरच्या लोकांसाठी जे दिवे, पडदे, आवाज बसवतात त्यांना या क्षेत्रात ‘ईएचएमआय’ (एक्स्टर्नल ह्यूमन-मशीन इंटरफेस) म्हणतात. नाव जड आहे, पण पुढे तेच वापरतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पादचाऱ्याशी मुख्य बोलणं ब्रेकचं असतं, दिव्याचं काम त्याला दुजोरा देण्याचं. हा क्रम उलटा केला की घोळ होतो, आणि बाजारात दाखवलेल्या बऱ्याच नमुन्यांत तो उलटाच होता.

नजरानजर नावाचा गैरसमज

ईएचएमआय हवाच, असं म्हणणाऱ्यांचा ठरलेला युक्तिवाद असा: आज पादचारी चालकाच्या डोळ्यात बघतो, चालक हात हलवतो, आणि मग माणूस रस्ता ओलांडतो. चालकच गेला तर ही नजरानजर गेली, म्हणून तिच्या जागी काहीतरी बसवलं पाहिजे.

ऐकायला पटतं, पण मोजायला गेलं की टिकत नाही. एमआयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच तपासलं. नेहमीच्या उजेडात १५ मीटरवरून चालक नेमका कुठे बघतोय हे ९० टक्क्यांहून जास्त लोकांना सांगता आलं नाही, आणि ३० मीटरवरून तर चालक दिसतच नव्हता. काचेवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि आत अंधार असतो, त्याला कोण काय करणार! पादचाऱ्याचा निर्णय मात्र साधारण याच अंतरांत होतो. लीड्स, अथेन्स आणि म्युनिक इथल्या रस्त्यांवर केलेल्या निरीक्षणांतही (ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली) हातवारे, हॉर्न, दिव्यांची उघडझाप असले उघड इशारे फार क्वचित दिसले. बहुतेक व्यवहार गाडीच्या चालीवर आणि माणसाच्या चालीवरच उरकत होता.

चालक नसल्याचं दिसलं तर लोक घाबरतील का, हेही तपासून झालंय. स्टॅनफर्डच्या गटाने २०१६ मध्ये चालकाला गाडीच्या सीटसारखा दिसणारा पोशाख घालून आत लपवलं आणि ती ‘रिकामी’ गाडी रस्त्यावर फिरवली. लोकांनी वळून पाहिलं, काहींना हसू आलं, पण बहुतेकांनी रस्ता नेहमीसारखाच ओलांडला. अडखळले ते गाडीची चाल अपेक्षेबाहेर गेली तेव्हा, म्हणजे थांबलेली गाडी मध्येच थोडी पुढे सरकली की. नजरानजर लागते ती अगदी जवळ, गाडी जवळजवळ उभीच असताना, चौकात दोघांनाही एकदम निघायचं असताना. ती जागा छोटी आहे, पण आहे. तिच्याकडे पुढे येतो.

दोन सेकंदांचा हिशेब

आता त्या ५० मीटरवरच्या गाडीकडे पादचाऱ्याच्या डोळ्यांनी बघू.

समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आपल्याला थेट दिसत नाही. दिसतं ते तिचं मोठं होत जाणं. गाडी १.८ मीटर रुंद धरा. ५० मीटरवर ती डोळ्याशी सुमारे २.०६ अंशांचा कोन करते. वेग कायम राहिला तर एका सेकंदाने ती ३६ मीटरवर असते आणि कोन होतो २.८६ अंश. तिने सौम्य ब्रेक लावला, म्हणजे दर सेकंदाला ताशी ७ किलोमीटर वेग उतरत असेल, तर एका सेकंदाने ती ३७ मीटरवर असते आणि कोन २.७८ अंश. फरक ०.०८ अंशाचा! पहिल्या सेकंदात ‘थांबणारी’ आणि ‘न थांबणारी’ गाडी जवळजवळ सारखीच दिसते. दोन सेकंदांनी मात्र चित्र बदलतं: एकीचा कोन ४.६ अंश, दुसरीचा ३.९. आता डोळ्याला कळतं.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की ब्रेकचा इशारा खरा असला तरी तो उशिरा पोचतो. ब्रेक लागल्यापासून पहिला दीड-दोन सेकंदांचा काळ पादचाऱ्यासाठी आंधळा असतो. ईएचएमआयला खरी जागा आहे ती इथे. गाडीच्या पुढच्या बाजूला ब्रेकचा दिवा लावायची कल्पना खूप जुनी आहे, आणि जर्मनीत २०१८ मध्ये झालेल्या प्रयोगात अशा दिव्यामुळे गाडीचा वेग कमी होतोय हे लोकांना लवकर ओळखता आलं. त्यात अजिबात जादू नाही. डोळ्याला जे उशिरा दिसणार होतं ते दिव्याने लवकर दाखवलं, इतकंच.

दुसरी गोष्ट ब्रेक लावण्याच्या पद्धतीची. ताशी ५० वरून दर सेकंदाला ७ किलोमीटर उतरवत थांबायला सुमारे ५० मीटर आणि ७ सेकंद लागतात. दर सेकंदाला साडेबारा उतरवले तर २८ मीटर आणि ४ सेकंद. आतल्या प्रवाशाला पहिला प्रकार सुखाचा. दुसऱ्यात गाडी आधी वेगात जवळ येते आणि मग झपकन थांबते, त्यामुळे पादचारी एक पाऊल मागे घेतो. म्हणून लवकर सुरुवात हवीच. पण नुसतं लवकर आणि हळू केलं तर इशारा इतका पातळ होतो की तो दिसतच नाही. यावर तोडगा असा: सुरुवातीचा अर्धा-पाऊण सेकंद ब्रेक जरा ठळक लावायचा, मग सैल सोडायचा. सुरुवातीला गाडीचं नाक किंचित खाली झुकतं, आणि ते झुकणं लोक नकळत वाचतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात तर हे झुकणं मुद्दाम वाढवून बघण्याचे प्रयोग झालेत. इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरच वेग उतरवते आणि सगळं फार गुळगुळीत होतं. प्रवासी खूश होतो, फुटपाथवरचा माणूस बुचकळ्यात पडतो.

आणखी एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोक वेळेपेक्षा अंतरावर जास्त विसंबतात. ४० मीटरवरची गाडी ताशी ३० ने येत असो की ५० ने, ‘लांब आहे’ हाच ठसा उमटतो. पहिलीला पोचायला ४.८ सेकंद लागतात, दुसरीला २.९. त्यामुळे वेगवान रस्त्यांवर लोक कमी वेळाच्या फटीतही उतरतात. ईएचएमआयने ही खोड सुधारेल असं समजू नका. ती गृहीत धरून वेगच कमी ठेवावा लागतो.

सत्तर नमुन्यांचं जंगल

२०१५ पासून वाहन कंपन्यांनी एकेक गमतीदार कल्पना मांडल्या. मर्सिडीझच्या ‘एफ ०१५’ने लेझरने रस्त्यावरच झेब्रा क्रॉसिंग उमटवलं. निसानच्या ‘आयडीएस’ने काचेखालच्या पडद्यावर ‘आधी तुम्ही’ अशा अर्थाचं वाक्य दाखवलं. स्वीडनच्या सेमकॉन या अभियांत्रिकी कंपनीने २०१६ मध्ये गाडीच्या तोंडावर हसू आणलं. जग्वार लँड रोव्हरने २०१८ मध्ये छोट्या स्वयंचलित गाडीला मोठाले डोळे बसवले, ते पादचाऱ्याकडे वळून बघत. २०२० पर्यंत असे किती प्रस्ताव झाले हे संशोधकांनी मोजलं तेव्हा ७० निघाले, आणि त्यांत एकवाक्यता नव्हती.

डोळे आणि हसू लोकांना आवडतं, आठवणीतही राहतं. पण हसू म्हणजे नेमकं काय? ‘मी थांबतेय’ की ‘मी खुशीत आहे’? डोळे वळले म्हणजे ‘तू दिसलास’ एवढं कळतं. पण दिसलास म्हणून थांबणार आहे का, हा प्रश्न उरतोच. हॉर्न वाजवत जाणाऱ्या चालकालाही आपण दिसलेलोच असतो.

मजकुराचा प्रश्न वेगळा. पहिल्यांदाच बघणाऱ्याला सगळ्यात चटकन कळतो तो मजकूर, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. दिव्याच्या नक्षीला आधी शिकवणी लागते, मजकुराला लागत नाही. मग अडतं कुठे? एक, अक्षरांचा आकार. रस्त्यावरच्या फलकांसाठी अमेरिकेत धरलेला ढोबळ नियम असा की अक्षराच्या दर अडीच सेंटिमीटर उंचीमागे ९ मीटर अंतर. म्हणजे ५० मीटरवरून वाचायला १४ सेंटिमीटर उंच अक्षर हवं, तेही साध्या रोमन लिपीत. वर-खाली मात्रा आणि जोडाक्षरं असलेल्या लिपीला आणखी जागा लागते. गाडीच्या तोंडावर एवढी मोकळी जागा नसते, त्यामुळे मजकूर एखाद्या शब्दावर येतो. दोन, भाषा. तीन, लहान मुलं आणि ज्यांना वाचता येत नाही ते. आणि चौथी, सगळ्यात चिवट अडचण: शब्द कुणाच्या बाजूने लिहिलाय?

गाडीच्या पुढे ‘चला’ लिहिलंय. हे मला सांगितलंय, की गाडी स्वतःबद्दल सांगतेय की ‘मी चालले’? ‘थांबा’ लिहिलं तरी तेच. हिरव्या दिव्याचंही असंच होतं. सिग्नलचा हिरवा ज्याच्याकडे तोंड करून असतो त्याला ‘जा’ म्हणतो, म्हणून काहींना गाडीवरचा हिरवा म्हणजे ‘मी जाऊ शकतो’ असं वाटतं. काहींना वाटतं, हिरवा म्हणजे गाडी ‘जाण्याच्या’ स्थितीत आहे. दोन्ही अर्थ तितकेच सरळ आहेत आणि दोन्ही लावणारे लोक प्रयोगांत सापडतात. चुकीचा अर्थ लावणारा प्रयोगात निदान सुखरूप घरी जातो. लाल रंगाचा तर विचारच नको, कारण वाहनांच्या दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पुढच्या बाजूला लाल दिवा मुळात चालतच नाही.

म्हणून नीलहरित, म्हणजे फिरोजा रंगाकडे सगळे वळले. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, पोलिसांचा निळा हे सगळे आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर आहेत, हा रंग मोकळा होता. अमेरिकेतल्या ‘एसएई’ या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २०१९ च्या ‘जे३१३४’ या दस्तऐवजात स्वयंचलित गाडीच्या खुणेच्या दिव्यासाठी हाच रंग सुचवला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मर्सिडीझने कॅलिफोर्निया आणि नेवाडात असे दिवे लावायची परवानगी मिळाल्याचं जाहीर केलं. मात्र हा दिवा काय सांगतो ते नीट बघा. ‘गाडी आत्ता स्वतः चालतेय’ एवढंच तो सांगतो. ‘मी थांबतेय’ असं म्हणत नाही. एकाच रंगावर दोन्ही अर्थ लादले तर पादचारी नुसता रंग बघून उतरेल. या दोघांत फरक रंगाने करू नये, हालचालीने करावा: स्थिर पट्टी म्हणजे स्वयंचलित स्थिती, संथ धडधड म्हणजे वेग उतरतोय.

रंगाचा एक साधा व्यावहारिक त्रास म्हणजे ऊन. गाडीच्या दिवसा लावायच्या दिव्यांना नियमाने ४०० ते १२०० कँडेला इतकी प्रखरता असते. त्यांच्या शेजारी मंद एलईडीची पट्टी बसवली तर भर दुपारी ती दिसतच नाही, आणि तीच पट्टी उन्हासाठी तेज केली तर रात्री डोळ्यांत घुसते. उजेड मोजणारा सेन्सर आणि निदान दोन पातळ्या हव्यातच. पट्टी हेडलाइटपासून लांब, काचेच्या वरच्या कडेला बसवली तर चकाकीत हरवत नाही आणि पुढच्या उभ्या गाड्यांच्या वरूनही दिसते.

‘तू जा’ कधीच म्हणू नये

डिझाइनच्या बैठकांत सगळ्यात जास्त वाद होतो तो यावर, आणि इथे मी हट्टी आहे. गाडीने स्वतःची गोष्ट सांगावी: थांबतेय, थांबलेय, निघतेय. समोरच्याला आज्ञा किंवा सल्ला देऊ नये.

कारण सांगतो. दोन लेनचा रस्ता. आपली गाडी डावीकडच्या लेनमध्ये थांबली आणि तिने ‘जा’ असं चिन्ह दाखवलं. माणूस उतरला. शेजारच्या लेनमधून दुसरी गाडी येतेय, तिचा चालक माणूस आहे, आणि थांबलेल्या गाडीच्या आडोशामुळे त्याला पादचारी दिसत नाही. रस्ता-सुरक्षेत हा अपघात जुना आणि नेहमीचा आहे. त्यात ‘जा’ने काय केलं? एरवी माणूस गाडीच्या कोपऱ्याशी थांबून पलीकडे डोकावला असता. चिन्हाने ते डोकावणं गिळलं. स्वतःच्या लेनपलीकडची हमी देण्याचा अधिकार गाडीला नसतो, मग तिने ती द्यावी कशाला?

दुसरं कारण संख्येचं. झेब्र्याच्या दोन्ही टोकांना माणसं असतात. मागे सायकलवाला असतो, वळणाऱ्या गाडीचा चालक असतो. ‘जा’ दिसलं की प्रत्येकाला ते आपल्यालाच वाटतं. ‘मी थांबतेय’ हे सगळ्यांसाठी एकाच वेळी खरं असतं, ‘तू जा’ फक्त एकासाठी.

फोर्ड आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने २०१७ मध्ये रस्त्यावर चाचणी घेतलेली दिव्यांची भाषा या दृष्टीने शहाणी होती. तिथेही चालक सीटच्या पोशाखात लपवला होता. काचेच्या वर पांढरी पट्टी: स्थिर म्हणजे स्वतः चालतेय, दोन ठिपके इकडून तिकडे सरकले की थांबतेय, वेगाने लुकलुकली की निघतेय. तीन वाक्यं, तिन्ही गाडीची स्वतःबद्दलची. नक्षी शिकावी लागते हे खरं, पण असल्या नक्ष्या लोक मोजक्या फेऱ्यांत शिकतात. अट एकच, सगळ्या गाड्यांनी एकच नक्षी वापरावी. सत्तर नमुन्यांच्या जंगलात हीच अट मोडते.

वेमो या अमेरिकी स्वयंचलित टॅक्सी कंपनीच्या गाड्यांच्या छतावरच्या घुमटात पडदे आहेत, आणि पादचाऱ्याला वाट देताना तिथे चिन्ह उमटतं. त्यातला मला आवडलेला भाग मागच्या बाजूचा आहे. मागून येणाऱ्या चालकाला पादचाऱ्याचं चिन्ह दिसतं, म्हणजे गाडी विनाकारण थांबलेली नाही हे त्याला कळतं. पादचाऱ्याचा जीव बरेचदा मागच्या उतावळ्या चालकावर अवलंबून असतो.

दिवा केव्हा लागावा आणि केव्हा विझावा

प्रत्यक्ष बांधणीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

गाडीचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर सेकंदाला साधारण दहा वेळा नव्याने मार्ग आखतं. एका फेरीत ‘वाट द्यावी’, पुढच्या फेरीत माणसाने मान फिरवली म्हणून ‘जाऊ या’, तिसऱ्या फेरीत पुन्हा ‘वाट द्यावी’. दिवा थेट या निर्णयाला जोडला तर तो सारखा लागत-विझत राहतो, आणि पादचाऱ्याला गाडी बिघडल्यासारखी वाटते. दिवा चाकांच्या वेगाच्या सेन्सरला जोडला तर तो कधी खोटं बोलत नाही, पण वेग दिसण्याइतका उतरेपर्यंत लागतच नाही. म्हणजे ज्या आंधळ्या दीड सेकंदासाठी दिवा बसवला तोच हातचा जातो.

मधला मार्ग असा. निर्णय सलग तीन-चार फेऱ्या टिकला की तो पक्का धरायचा. त्याच क्षणी ब्रेक लावायचा आणि ब्रेकचा दाब खरोखर वाढलाय हे तपासून मगच दिवा लावायचा. दोन्हींत पाव सेकंदाहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. ब्रेकच्या आधी दिवा लावून ‘लवकर कळवलं’ असं समाधान मानू नये. चाल आणि दिवा परस्परविरुद्ध बोलले की माणूस जागीच थिजतो, आणि थिजलेला माणूस पाहून गाडी पुन्हा निघायचा विचार करते. मग दोघंही एकदम निघतात आणि एकदम थांबतात. अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोघांचं होतं ना, तसंच.

एकदा लागलेला दिवा फक्त आणीबाणीत मागे घ्यायचा. पादचारी दोन पावलं मागे गेला म्हणून लगेच विझवू नये, निदान तीन-चार सेकंद धरून ठेवावा. बरेच लोक आधी मागे सरकून गाडी पूर्ण थांबल्याची खात्री करतात आणि मग निघतात.

थांबायची जागाही बोलते. झेब्र्याला नाक लावून थांबलेली गाडी ‘कशीबशी थांबले’ म्हणते, तर चार-पाच मीटर अलीकडे थांबलेली ‘तुझ्यासाठी थांबले’ म्हणते. आणि थांबल्यावर सरकायचं नाही. सेन्सरला नीट दिसावं म्हणून अर्धा मीटर पुढे सरकायची सवय बऱ्याच स्वयंचलित गाड्यांना असते. दिवा ‘थांबलेय’ म्हणतोय आणि चाक फिरतंय, यापेक्षा वाईट वाक्य नाही. पुढे सरकायचंच असेल तर दिवा आधी ‘निघतेय’वर न्यावा.

निघण्याचा इशारा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. चालक असलेल्या गाडीत इंजिनाचा सूर बदलतो, माणूस मान सरळ करतो. इथे काहीच नसतं. म्हणून चाक हलायच्या दीड-दोन सेकंद आधी लुकलुक सुरू व्हायला हवी. मघाशी ज्या छोट्या जागेबद्दल म्हटलं ती हीच. इथे गाडी उभी असते, म्हणजे चाल काहीच सांगत नाही, आणि दिव्याला एकट्याने बोलावं लागतं.

भरवसा जास्त झाला तर

दिव्याची सवय लागते, आणि चटकन लागते. २०२० च्या सुमारास आभासी वातावरणात झालेल्या प्रयोगात लोकांना बऱ्याच फेऱ्यांत बरोबर दिवा दाखवला, आणि शेवटी एका फेरीत दिवा लागला पण गाडी थांबली नाही. सहभागींपैकी काही जण सरळ रस्त्यात उतरले. समोर गाडी वेगात येताना दिसत होती, तरीही. जर्मनीतल्या २०१९ च्या प्रयोगाचा कौल आणखी अस्वस्थ करणारा आहे: दिवा एकदा फसवल्यावर भरवसा खाली आला, पण पुढच्या काही बरोबर फेऱ्यांत तो पुन्हा वर चढला.

म्हणून बिघाडाची दिशा आधीच ठरवून ठेवावी लागते. पट्टीचा एखादा एलईडी गेला, वायर सुटली, कॅमेऱ्यावर चिखल बसला, तर पट्टी विझलीच पाहिजे, कधीही ‘थांबतेय’वर अडकता कामा नये. पट्टी काय दाखवतेय हे गाडीलाही कळायला हवं, म्हणजे दिव्याच्या विद्युतप्रवाहावरून उलट तपासणी हवी. नुसता आदेश पाठवला म्हणून दिवा लागला असं धरून चालत नाही.

आणि दिवा कितीही चांगला असला तरी गाडीच्या नजरेपेक्षा जास्त शहाणा होऊ शकत नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत टेंपी इथे चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवलं. तपास यंत्रणेच्या अहवालानुसार गाडीला त्या ५.६ सेकंद आधी दिसल्या होत्या. पण कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ अशी ओळख बदलत राहिली, आणि क्रॉसिंग नसलेल्या जागी पादचारी असू शकतो हे त्या प्रणालीत धरलेलंच नव्हतं. तिथे कुठलाही ईएचएमआय मुका राहिला असता.

उलट बाजूही आहे. गाडी स्वयंचलित आहे आणि ती हमखास थांबते हे एकदा लोकांना कळलं की ते बिनधास्त उतरतील, असं २०१८ मध्ये नगररचनेच्या एका अभ्यासात गणिताने मांडलं गेलं. चालक मग्न असेल, प्यायलेला असेल, ही भीतीच रस्त्यावर पादचाऱ्याला आवर घालते. ती गेली की वर्दळीच्या भागात गाडीला पुढे जाताच येणार नाही. ‘मी स्वयंचलित आहे’ असं ओरडणारा फिरोजा दिवा या बाबतीत दुधारी ठरतो.

ज्यांना दिवा दिसत नाही

अंध पादचाऱ्याला हे सगळं शून्य उपयोगाचं. त्याला गाडी कळते ती आवाजावरून, आणि इलेक्ट्रिक गाडीला मुळात आवाज कमी. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आर१३८’ नियमात अशा गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा आहे, पण थांबलेल्या गाडीला नाही. अमेरिकेच्या नियमात मर्यादा ताशी ३० आहे आणि गिअर ‘पार्क’मध्ये नसेल तर उभ्या गाडीलाही आवाज हवा. पादचाऱ्याच्या बाजूने बघितलं तर दुसरा नियम जास्त बरा, कारण ‘आवाज थांबला’ याचे दोन अर्थ होतात: गाडी थांबली किंवा गाडी निघून गेली. बोलक्या सूचना आकर्षक वाटतात, पण चौकात चार गाड्या एकाच वेळी ‘मी थांबलेय’ म्हणू लागल्या तर कोणती बोलली ते कळत नाही. वेगाबरोबर सूर खाली उतरत जावा आणि उभ्या गाडीचा मंद, वेगळा सूर राहावा, हे त्यातल्या त्यात बरं.

मुलांचं वेगळंच. मोठी माणसं दिवा आणि चाल दोन्ही ताडून बघतात, मुलं चिन्हावर जास्त विसंबतात. शाळेच्या आसपास म्हणूनच दिव्यापेक्षा वेगमर्यादेवर भर हवा.

चाचणी घेताना

असल्या चाचण्यांत पहिली चूक अशी की गाडी दरवेळी थांबते. तिसऱ्या फेरीनंतर सहभागी गाडीकडे बघायचंच सोडतो, आणि आकडे सुंदर येतात. निदान एक तृतीयांश फेऱ्यांत गाडी न थांबता गेली पाहिजे, तीही कुठलाही ठरलेला क्रम न ठेवता. दुसरी चूक म्हणजे सुरुवातीलाच ‘ही पट्टी म्हणजे अमुक’ असं सांगून टाकणं. आधी काहीच न सांगता दहा फेऱ्या घ्या, मग अर्थ विचारा, मग सांगा, आणि पुन्हा दहा घ्या. तिसरी, आभासी चष्म्यात अंतरं असतात त्यापेक्षा जवळ भासतात. त्यामुळे तिथले मीटर जसेच्या तसे रस्त्यावर आणू नयेत, दोन नमुन्यांतला फरक तेवढा वापरावा.

मोजायचं काय? ‘आवडलं का’ या प्रश्नाला कुणीही हो म्हणतं. सहभागीच्या हातात एक बटण द्या: ‘आत्ता उतरायला सुरक्षित वाटतंय’ तोवर दाबून धरायचं, वाटेनासं झालं की सोडायचं. गाडीच्या अंतराशी ही नोंद लावली की आलेख सगळं सांगतो. कुठे खात्री झाली, कुठे डळमळली, किती वेळा बटण सुटलं. खऱ्या रस्त्यावर बटणाऐवजी पहिल्या पावलाचा क्षण, अर्धवट उचलून मागे घेतलेली पावलं आणि मान किती वेळा वळली हे कॅमेऱ्यावरून मोजतात.

एक फेरी पट्टीवर काळी चिकटपट्टी लावून घ्यायलाच हवी. त्या फेरीत लोक वेळेवर उतरत नसतील तर दोष ब्रेकच्या आखणीत आहे. आधी तो दुरुस्त करा, सुरुवातीचा दाब वाढवा, थांबायची जागा मागे घ्या, आणि मगच चिकटपट्टी काढा. त्यानंतर पहिलं पाऊल जितकं आधी पडेल तेवढीच दिव्याची कमाई धरायची. ती कमाई एका सेकंदाहून जास्त निघाली, तर गाडीच्या तिजोरीत ती न लिहिता आधी दिवा ब्रेकच्या पुढे धावतोय का, ते तपासा.